पोर्तुगीज लाल वाइन, मरोळचं जेवण आणि आपला शिराझ



खुडा तोंडावर आलाय, लिहायला वेळ नाही. पण गेल्या ऑक्टोबरात मरोळला एका घरी जेवलो तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतीये. वाइन द्राक्षवाल्यांनी ती वाचावी असं वाटतं, म्हणून आज बसलोच. घरातल्या माळकरी मंडळींनी आणि ज्यांना हा विषयच नको त्यांनी खुशाल पुढे जावं. आमचे वडीलही माळकरीच आहेत. शिराझ लावला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पिकव, पण घरात आणू नको." गंमत बघा, आपल्यातले बहुतेक जण अगदी असंच करतात. पंधरा-पंधरा वर्षं वाइनची द्राक्षं पिकवतात आणि त्या द्राक्षाचं शेवटी काय होतं, ते जिभेवर कसं लागतं, हे एकदाही बघत नाहीत. माझं भांडण याच गोष्टीशी आहे.

मरोळ म्हणजे अंधेरी पूर्व. मेट्रोतून उतरलं की काचेच्या इमारती, आणि त्यांच्या मागं एक गावठाण. अरुंद गल्ल्या, चौकात क्रूस, उतरत्या कौलांची थोडी घरं अजून शिल्लक. इथं राहणारे ईस्ट इंडियन, म्हणजे साष्टी बेटावरचे जुने ख्रिस्ती. बोलतात मराठीच, आपल्यापेक्षा वेगळ्या वळणाची. नावावरून बाहेरचे वाटतात, पण हे इथलेच कुणबी, भंडारी, कोळी. १५३४ साली वसई-साष्टी पोर्तुगीजांकडं गेली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी परत घेतली. मधल्या दोनशे वर्षांत यांचा धर्म बदलला, पण भातशेती होती तीच राहिली. 'ईस्ट इंडियन' हे नाव तर १८८७ साली घेतलेलं, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वेळी. अंधेरी, मरोळ, कुर्ला, मालाड, बोरिवली, गोराई हा सगळा पट्टा भाताचा होता. मरोळची खाचरं एमआयडीसी आणि सीप्झखाली गेली. सीप्झच्या आत १५७९ सालच्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत, भोवती सगळ्या कंपन्या. जमीन गेली तरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा, तो सण. लोंब्या आता दुसरीकडून आणाव्या लागतात. शेत नाही आणि सुगीचा सण आहे, हे बघून मला गलबलून आलं होतं.

माझा तिथला संबंध द्राक्षांचा. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मी मरोळला आणि बोरिवलीच्या आयसी कॉलनीत काळी द्राक्षं नेऊन देतो. ही मंडळी घरी वाइन घालतात. नाताळला, लग्नाला घरच्यापुरती. (विकायची नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून आहे, परवान्याचा विषय ज्यानं त्यानं आपापला बघावा.) त्यांच्यासाठी मी काळ्या द्राक्षाच्या दोन ओळी जीए न मारता ठेवतो. कारण साधं आहे. जीए मारून फुगवलेला मणी बाजारात दिसायला देखणा असतो, पण आत पाणी जास्त आणि वजनाच्या मानानं साल कमी. वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी जेवढा बारीक, तेवढी रसाच्या मानानं साल जास्त. बाजार ज्याला हलका माल म्हणून मागं सारतो, तोच बरणीत भारी ठरतो. शेवटच्या फवारणीनंतरचा काढणीपूर्व काळही या दोन ओळींत मी काटेकोर पाळतो, कारण ते लोक साल फेकत नाहीत, एकवीस दिवस रसात भिजवतात.

या वेळी पाऊस रेंगाळला म्हणून गोडी छाटणी आठवडाभर पुढं ढकलली होती. आगेराला मोकळा होतो, गेलो. जाताना एक शिराझची बाटली घेतली, आपल्याच नाशिकची, आणि घरून काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीच्या भाकऱ्या. दोस्ताचा भाऊ बोटीवर कामाला असतो, त्यानं लिस्बनवरून एक लाल वाइन आणली होती. आणि आंटीची, म्हणजे दोस्ताच्या आईची, घरची वाइन होतीच, माझ्याच द्राक्षाची. टेबलावर तीन बाटल्या, आणि जेवण त्याच लोकांच्या घरचं ज्यांच्या स्वयंपाकात पोर्तुगाल चारशे-पाचशे वर्षांपूर्वी शिरला. परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

बाटलीवर लिहिलं होतं विन्यो तिंतो, म्हणजे लाल वाइन. प्रांत अलेंतेजो. हा पोर्तुगालचा दक्षिणेकडचा उष्ण, कोरडा, उघडा मुलूख. आपल्या सोलापूरकडच्या माणसाला उन्हाळ्यात तिथं घरच्यासारखं वाटेल. वाण तीन: आरागोनेझ, त्रिंकादेइरा, अलिकांत बुशे. आरागोनेझ म्हणजेच स्पेनचा टेम्प्रानिलो, आणि हा आपल्या नाशकात लागलेला आहे. अलिकांत बुशेची गंमत अशी की त्याचा गरसुद्धा लाल असतो. आपल्याकडं मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रानं काढलेला मांजरी मेडिका आठवा, पुसा नवरंग आणि फ्लेमच्या संकरातला. तो रसासाठी काढला, पण रंगाचा गुण तसाच. अल्कोहोल १४ टक्के. आपल्या भाषेत सांगायचं तर ब्रिक्सला साधारण ०.५५ नं गुणा. म्हणजे त्यांनी २५ च्या पुढं ब्रिक्स येऊ दिला. आपली खायची द्राक्षं १७-१८ ला तोडली तर नऊ-दहा टक्क्यांवर गाडी थांबते, म्हणूनच आंटी बरणीत साखर घालते. गव्हाचे चार दाणेही घालते, सगळेच घालतात.

पहिली चूक आम्ही तिथंच केली. बाटली टेबलावर तशीच होती. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची असं सगळीकडं लिहिलेलं असतं, पण ती खोली युरोपातली. ऑक्टोबरातल्या मरोळच्या खोलीत ३२ अंश होते. पहिला घोट नुसता स्पिरिटसारखा नाकात गेला. मग तिन्ही बाटल्या फ्रीजमध्ये ठेवून गार केल्या, आणि तीच वाइन वेगळी झाली. काळ्या आलुबुखाऱ्याचा वास, थोडा सुक्या अंजिराचा, मागं तुरटपणा पण गुळगुळीत, हिरड्यांना टोचणारा नाही. आपल्याकडं लोक म्हणतात लाल वाइन कडवट आहे, आवडली नाही. त्यातल्या निम्म्यांनी ती गरम प्यायलेली असते.

आता जेवण. मी वहीत लिहीत होतो, आंटी हसत होती.

सोरपोटेल आधी आलं. डुकराचं मांस, काळीज, व्हिनेगर, मसाला. हे परवा शिजवून ठेवलेलं होतं, कारण तिसऱ्या दिवशी ते खरं लागतं. सोबत फुगे, ते तळलेले गोलसर पाव. इथं पोर्तुगीज वाइन बसली. चरबी आणि काळजाचा जडपणा तुरटपणानं कापला जातो, तोंड परत कोरं होतं, पुढचा घास खावासा वाटतो. वाइनचं जेवणातलं काम खरं तर एवढंच. आपला ताकाचा ग्लास जे करतो तेच.

मग इंदेल, म्हणजे ज्याला जग विंदालू म्हणून ओळखतं. मूळ पोर्तुगीज नाव 'विन्या द आल्यूश', वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. बटाट्याशी 'आलू'चा काही संबंध नाही, तो हॉटेलवाल्यांनी नंतर जोडला. इथं आल्यावर वाइनच्या जागी व्हिनेगर आलं आणि मिरची आली, तीही पोर्तुगीजांनीच आणलेली. तेव्हा मला वाटलं होतं की ही जोडी तर जन्माचीच, जमणारच. साफ फसली. व्हिनेगरच्या आंबटपणापुढं वाइन चपटी लागायला लागली. उष्ण भागातली वाइन, मुळात आंबटपणा कमी, त्यात ताटातला पदार्थ तिच्यापेक्षा आंबट. वर १४ टक्के अल्कोहोलनं मिरचीचा जाळ दुप्पट केला. माझे कान गरम झाले. आंटीनं काही न बोलता तिच्या वाइनचा छोटा पेला पुढं सरकवला. गोडसर, हलकी, रंगानं फिकी. जाळ विझला आणि मसाला उरला. त्या ताटापुढं पोर्तुगालची बाटली हरली आणि बरणी जिंकली, हे मला प्रामाणिकपणे लिहिलंच पाहिजे.

इथल्या घरांत उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कांडून बाटल्यांत भरून ठेवतात, त्यालाच बॉटल मसाला म्हणतात. त्यातलं मटण होतं, ते बेताचं तिखट. तिथं आपला शिराझ आणि पोर्तुगीज दोन्ही बरोबरीत सुटले. पण माझं काळ्या मसाल्याचं मटण आलं तेव्हा टेबलावरचा कल फिरला. भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, दगडफूल, मिरी, असा सगळा भाजका वास. त्याच्यावर नाशिकचा शिराझ असा बसला की दोस्ताच्या भावानं, ज्यानं बाटली लिस्बनवरून वाहून आणली होती, त्यानं आपला पेला बाजूला ठेवून शिराझचा उचलला. शिराझच्या सालीत रोटंडोन नावाचा घटक असतो, काळ्या मिरीचा वासही त्याच घटकाचा. म्हणजे मसाल्यातली मिरी आणि पेल्यातली मिरी एकमेकींना ओळखतात. बाजरीच्या भाकरीचा थोडा कडसरपणाही वाइनच्या तुरटपणाशी जुळतो, हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

सुक्या बोंबलानं मात्र दोन्ही लाल वाइनची वाट लावली. तोंडात पत्रा चाटल्यासारखं झालं. जपानी संशोधकांनी यावर काम केलेलं आहे, वाइनमधलं लोह मासळीच्या तेलाशी भिडलं की हा वास येतो. तरी पोर्तुगीज लोक त्यांचा खारवलेला सुका मासा, बाकल्याव, लाल वाइनबरोबरच खातात. तो मासा भिजवून, तेलात बटाटा-कांद्याबरोबर शिजवलेला असतो, आपला बोंबील तव्यावर कडक. कदाचित फरक तिथं असेल. ठेच्याबद्दल विचारू नका. ठेच्यापुढं जगातली कुठलीच वाइन उभी राहत नाही, तिथं ताकच.

आता मी हे तुम्हाला का सांगतोय? कारण आपल्या वाइन कंपन्या अंधेरी-बोरिवली-मुलुंडच्या गिऱ्हाइकाला वाइन विकतात ती चीज आणि पास्त्याच्या फोटोवर. बाटलीच्या मागं वाचा. मुंबईतल्या माणसाच्या घरी रोज चीज असतं का? त्याच्या घरी रविवारी मटण असतं. ज्या उपनगरांत कित्येक पिढ्यांपासून घरोघर वाइन आणि मसाल्याचं मांस एका टेबलावर आहे, तिथं जाऊन कुणी आंटीला विचारलं का की बाई, कशाबरोबर काय पितेस? माझ्या ऐकण्यात तरी नाही. कुणी काळ्या मसाल्याचं मटण बाटलीवर छापलेलं मी बघितलेलं नाही.

आणि हा नुसता हौसेचा विषय राहिलेला नाही. आयात वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क होतं, त्या आडोशाला आपली वाइन द्राक्षं जगली. २०२२ च्या ऑस्ट्रेलिया करारात महागड्या बाटल्यांवरचं शुल्क खाली यायला सुरुवात झाली. यंदा जानेवारीत युरोपीय संघाशी करार ठरल्याची घोषणा झाली, त्यातही वाइनचं शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. म्हणजे मी मरोळला प्यायलो ती अलेंतेजोची बाटली उद्या बोरिवलीच्या दुकानात आपल्या शिराझच्या शेजारी उभी राहील. भावात फरक कमी झाला की गिऱ्हाईक चवीवर जाणार. तेव्हा "आपली आहे म्हणून घ्या" हे चालणार नाही. "मटणाबरोबर हीच चांगली लागते" हे चालेल, पण त्यासाठी ते खरं असायला हवं.

एकदा पोळलेलो आहोत आपण. २००१ ला राज्याचं वाइन धोरण आलं, विंचूरला पार्क झालं, गावोगाव करार झाले. २००८ नंतर मागणी पडली आणि कराराचे कागद कागदच राहिले. माझ्या बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्यानं तीन एकर कॅबर्ने उपटून टाकला. तोडायला कुणी आलंच नाही. खायच्या द्राक्षाला चार व्यापारी असतात, पडल्या भावात का होईना माल जातो, नाहीतर बेदाणा होतो. वाइनच्या द्राक्षाला बी असतं, मणी बारका, त्याला दुसरा बाजारच नाही. एक गिऱ्हाईक, त्यानं पाठ फिरवली की संपलं. अशा पिकात आपण कुठली चव पिकवतोय हे माहीत नसणं म्हणजे डोळे बांधून गाडी हाकणं.

पोर्तुगीजांकडून घ्यायचं असेल तर मला एक गोष्ट घ्यावीशी वाटते. छोटा देश, पण अडीचशेच्या आसपास स्वतःचे वाण सांभाळलेले. सगळं जग कॅबर्ने आणि मर्लो लावत होतं तेव्हाही त्यांनी तोरिगा नासियोनाल सोडला नाही. बारीक मणी, जाड साल, उत्पादन इतकं कमी की किलोवर पैसे घेणारा कुणी तो लावणारच नाही. मेख इथं आहे. आपल्याकडं शास्त्रज्ञांच्या गटात म्हणतात वाण बदला, आणि करार असतो किलोवर, फार तर ब्रिक्सच्या पायरीवर. मग शेतकरी घड वाढवणारच, पाणी सोडणारच. टेम्प्रानिलो असो, तोरिगा असो, अकलूजला इटालियन सांजोवेसे लागला तसं काही असो, चाचणी प्लॉट जरूर घ्या. पण रंग, पीएच, बियांची पक्वता याला पैसे मिळाल्याशिवाय त्यातलं काहीही एकराच्या पुढं जाणार नाही. आणि मांजरीच्या लोकांना विनंती आहे, लाल गराचा वाण तुम्ही रसासाठी काढलाच आहे, आता आमच्या शिराझमध्ये पाच-दहा टक्के मिसळून काय होतं तेही एकदा दाखवा. अलेंतेजोवाले अलिकांत बुशे तसाच वापरतात.

कृषी पदवीधर मित्र यावर म्हणतील की चव हा व्यक्तिगत मामला आहे, तिला मोजमाप नाही. खरं आहे. पण ब्रिक्स २४ दाखवणारा मणी चावून बघा. बी हिरवं आणि चिकट लागलं, साल चावताना जीभ आखडली, तर रिफ्रॅक्टोमीटर काहीही म्हणो, ती वाइन कडवट होणार. आणि कडवट वाइन काळ्या मटणाबरोबर आणखी कडू लागते, हेही मी त्या टेबलावर बघितलं, दुसऱ्या एका बाटलीवर. हे चावून बघायला वाइन प्यावी लागत नाही. आमच्या वडिलांनीही परवा मणी चावून बी थुंकलं आणि म्हणाले, "अजून कच्चंय." माळ मोडली नाही.

परवाचीच गोष्ट. कंपनीचा माणूस येऊन २३.५ ब्रिक्स बघून गेला, सोमवारी तोडा म्हणाला. मी पश्चिमेकडच्या ओळींतून शंभर मणी काढले, फोडले. साठेक बिया तपकिरी, बाकीच्या हिरवटच. चार-पाच दिवस थांबलो तर वजन उतरणार आणि ढगाळ हवेचा अंदाज आहे, भुरीची भीती. उद्या सकाळी परत शंभर मणी काढतो आणि त्याला फोन लावतो. ज्यांचा शिराझ अजून वेलीवर आहे त्यांनी आपल्या बिया फोडून किती तपकिरी निघाल्या ते खाली लिहा, गाव आणि छाटणीची तारीख टाकायला विसरू नका.